शंभरात तेरा

३ मार्च, मंगळवार

आई बसथांब्यावर आहे!

म्हणजे आईचा फोटो. दहा फूट उंच. ऑफिसला निघाले होते, बघतच राहिले आणि बस सुटली. गेल्या आठवड्यापर्यंत तिथे गाद्यांची जाहिरात होती. आता आई. अंगावर जांभळी शाल — मी आणलेली. केस — मी कापलेले. आणि गळ्यात हात टाकून, गालाला गाल लावून कोण? धाकटी!

खाली लाल अक्षरं : "आईकडून मला काय काय मिळालं?" त्याखाली : "मधुमेहाचा धोका तीस टक्के जास्त असू शकतो. थुंकीच्या एका नळीत कळेल. आजच जनुक चाचणी करा."

धाकटी त्या कंपनीत जाहिराती लिहिते, हे ठाऊक होतं. मागच्या महिन्यात आई तिच्याबरोबर "जरा फिरून" आली, हेही ठाऊक होतं. फिरून म्हणजे फोटो काढून, हे मला बसथांब्याने सांगितलं.

अकरा वर्षं आईला सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन मी देते. बोट टोचून साखर मी बघते. रोज तळपाय बघते, कुठे जखम नाही ना. आणि फलकावर मुलगी कोण, तर रविवारची पाहुणी!

संध्याकाळी आईला विचारलं. "अगं, तुला सांगायचंच राहिलं. छान आलाय ना? फोटोवाला म्हणाला, बाळ अगदी माझ्यावर गेलंय."

तिला बाळ. मला अगं. बेचाळीस वर्षांच्या बाईला बाळ!

४ मार्च, बुधवार

देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो म्हणतात. आज तीच जाहिरात माझ्या टेबलावर आली.

कोणा निवृत्त शिक्षकांची तक्रार आहे. जाहिरात वाचून त्यांच्या सुनेने तिन्ही मुलांची चाचणी केली, आता घरात रोज रडारड. आमच्या कक्षाचं कामच ते : आरोग्य तपासण्यांच्या जाहिराती वाचायच्या, दावा खोटा किंवा फसवा असेल तर थांबवायच्या. जनुक चाचण्यांचे नियम तर गेल्याच वर्षी आले. अजून एकही आदेश निघालेला नाही. हा पहिला ठरेल.

फाईल घेताना पिवळा फॉर्म भरावा लागतो. "सदर कंपनीत माझे कोणीही नातेवाईक कार्यरत नाहीत." खाली सही.

पेन हातात धरून पाच मिनिटं बसले. फाईलला नाही म्हटलं असतं तर टायवाल्याकडे गेली असती. तो आमच्याकडे येऊन दीड वर्ष झालं, उन्हाळ्यातही टाय लावतो, आणि साहेब बैठकीत त्याच्याकडे बघून बोलतात. कानामागून आला आणि तिखट झाला!

सही केली.

६ मार्च, शुक्रवार

आमच्या कक्षाची एक जुनी पद्धत आहे. जाहिरात आधी लिफ्टवाल्या काकांना वाचून दाखवायची आणि काय कळलं ते त्यांच्याच शब्दांत टिपणात लिहायचं. तज्ज्ञाला काय कळतं ते कोणी विचारत नाही. काकांना काय कळतं, तेच लोकांना कळतं.

तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे वाचून दाखवली. काका म्हणाले, "म्हणजे शंभरातल्या तीस जणांना शुगर होणार. माझी आई शुगरनेच गेली. म्हणजे मी त्या तिसात की काय?"

चेहरा उतरला त्यांचा. मी म्हटलं, नाही हो काका! साध्या माणसांत दहा वर्षांत शंभरातल्या दहा जणांना होतो, या चाचणीत ज्यांचा "जास्त" येतो त्यांच्यातल्या तेरा जणांना. दहाचे तेरा झाले, म्हणून "तीस टक्के जास्त". तीनच माणसांचा फरक.

काका म्हणाले, "तीन माणसांसाठी एवढ्या सगळ्यांनी थुंकायचं?"

शब्दन् शब्द टिपणात घेतला. आणि वर हेही लिहिलं, की आईला मधुमेह आहे एवढं ठाऊक असणं त्या नळीपेक्षा कितीतरी जास्त सांगतं, आणि ते कोणालाही घरबसल्या कळतं.

जाहिरात फसवीच आहे. माझी बहीण नसती तरी फसवीच असती. हे मी स्वतःलाच दोनदा सांगितलं आज.

१२ मार्च, गुरुवार

आदेशाचा मसुदा जमतोय. फलक उतरवायचे, हे तर आहेच. पण त्याने काय होणार? ज्यांनी आधीच चाचणी केली, ते घाबरलेलेच राहणार. म्हणून नवं कलम घातलं : कंपनीने आजवरच्या प्रत्येक ग्राहकाला त्याच्या नावाने पत्र पाठवायचं, आणि त्यात टक्के नाहीत, माणसं मोजून लिहायची. वाक्य अकरा वेळा लिहिलं. शेवटी जमलं. हे ज्यांचा "जास्त" आलाय त्यांच्यासाठी; "सर्वसाधारण"वाल्यांच्या पत्रात तेराच्या जागी दहा :

"पुढील दहा वर्षांत सर्वसाधारण शंभर माणसांपैकी दहा जणांना मधुमेह होतो. आपण ज्या गटात आहात, त्यातील शंभरांपैकी तेरा जणांना होतो."

एकही अवघड शब्द नाही. काकांना वाचून दाखवलं. "हां, असं बोला की!" म्हणाले. धाकटीची हजार वाक्यं या एकावरून ओवाळून टाकावीत.

मग आणखी एक ओळ घातली. पत्र प्रयोगशाळेतून थेट ग्राहकाकडे जावं, जाहिरात विभागाचा त्याला हात लागू नये. ही ओळ नियमाला धरून आहे. पण लिहिताना फार बरं वाटलं, तेही इथे लिहून ठेवते.

१५ मार्च, रविवार

धाकटी आली. येताना चाचणीचे दोन डबे — एक तिला स्वतःला, एक मला. "ताई, कर गं. बहिणी-बहिणींची बघू या गंमत."

मी नाहीच म्हणायला हवं होतं. फाईल माझ्याकडे आहे हे तिला सांगायला हवं होतं. पण आई म्हणाली, "कर की. बघू तरी माझं काय काय गेलंय तुमच्यात." आणि मला — काय सांगू — मलाही बघायचं होतं.

अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, मग नळीत रेघेपर्यंत थुंकायचं. धाकटीची नळी दोन मिनिटांत भरली. माझ्या तोंडाला कोरड! समोर आरशात बघत लिंबाचा विचार करत बसले, तरी अर्धीच. आई म्हणते, "बाळाची बघ कशी पटकन भरली."

थुंकण्यातही तीच पहिली.

१८ मार्च, बुधवार

आई हल्ली संध्याकाळी चालायला जाते. आपणहून! डॉक्टर सांगून थकले, मी सांगून थकले. आता जाते — बसथांब्यापर्यंत. फलकासमोर थोडं थांबते आणि परत येते. शेजारीण म्हणाली, "तुमच्या आईंचा चेहरा किती खुललाय!"

जेवणानंतरची साखर कमी आली आज. मला आनंद व्हायला हवा होता. झाला. अर्धा.

५ एप्रिल, रविवार

नीट लिहायचं ठरवलंय. जे वाटलं ते. इथे कोण वाचतंय.

धाकटी दुपारी आली. नेहमीसारखी बडबड नाही. दोन कागद टेबलावर ठेवले. माझ्या कागदावर हिरवी पट्टी : "सर्वसाधारण". तिच्या कागदावर लाल : "जास्त".

"तू सुटलीस, ताई," म्हणाली. हसून म्हणाली, पण ओठ कोरडे होते.

आईने लाल पट्टी बघितली आणि तिला जवळ ओढलं. "माझंच गेलं गं तुझ्यात! माझंच सगळं गेलं!" रडायला लागली. धाकटीही रडली. दोघी कोचावर, गालाला गाल — थेट फलकावरच्यासारख्या. मी समोर पाण्याचे पेले घेऊन उभी.

आणि मला काय वाटलं? काळजी वाटली? नाही. मला हेवा वाटला! आजाराचा हेवा! आईचं नाक तिला, आईचा आवाज तिला, ते दाट केस तिला, आणि आता आईची शुगरसुद्धा तिलाच! मला एवढंही नाही! आई माझा कागद बघून म्हणाली, "तू तुझ्या बाबांवर गेलीस. बरं झालं." बस. एवढंच. माझा कागद घडी करून चष्म्याच्या घराखाली ठेवला.

मी ती बाई आहे, जिने महिनाभर लिहिलं की या पट्ट्यांना काडीचा अर्थ नाही. दहा आणि तेरा. तीन माणसं. मी लिफ्टमध्ये समजावते लोकांना! आणि आज न्हाणीघराचं दार लावून, नळ सोडून रडले — मला लाल का नाही आली म्हणून.

कोणाला सांगितलं तर वेड्यात काढतील. मी स्वतःच काढतेय.

६ एप्रिल, सोमवार

आईने आज धाकटीला चार वेळा फोन केला. "बाळ, गोड खाल्लं नाहीस ना? बाळ, चाललीस का?"

संध्याकाळी तिचं इंजेक्शन द्यायचं राहिलं असतं, फोन संपेचना. सुई घेऊन उभी राहिले दहा मिनिटं.

९ एप्रिल, गुरुवार

आज सुनावणी. साहेब मधे, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला टायवाला. समोर कंपनीचा वकील, एक डॉक्टर आणि — तिसरी कोण? जाहिरात ज्यांनी लिहिली त्यांना आणा, असं नोटिशीत मीच लिहिलं होतं.

धाकटी आत आली, मला बघितलं. पाऊल क्षणभर अडखळलं. मग समोर बसून म्हणाली, "नमस्कार, मॅडम."

मॅडम! लहानपणी माझ्या पाठीवर बसून शाळेत गेलेली. मॅडम!

मी विचारलं, हे वाक्य कोणी लिहिलं? "मी." तीस टक्के म्हणजे शंभरातली तीस माणसं, असा लोकांचा समज होईल असं वाटलं नाही? ती म्हणाली, "खरं सांगू, मॅडम? मला स्वतःलाही तसंच वाटलं होतं. म्हणजे — डॉक्टरांनी समजावलं होतं. पण डोक्यात तीसच राहिलं." वकिलाने कपाळाला हात लावला.

साहेबांनी शेवटी नेहमीचा प्रश्न विचारला, या कक्षातल्या कोणाशी ओळख, नातं? वकील "नाही" म्हणाला. डॉक्टर "नाही" म्हणाले. धाकटी म्हणाली, "नाही, सर."

माझ्यासाठी खोटं बोलली. पापणीही न हलवता. माझ्या पिवळ्या फॉर्मबद्दल तिला कोणी सांगितलंही नव्हतं. एका नजरेत तिच्या लक्षात आलं, की ताईने काहीतरी लपवलंय.

मी जिंकले होते. सगळे तसं म्हणाले. आणि मला तिचाच हेवा वाटत होता, की या खोलीत मोठी बहीण तीच झाली.

१० एप्रिल, शुक्रवार

साहेबांना सगळं सांगितलं. फोटो, बहीण, फॉर्म, नळी. तिला "नाही" म्हणावं लागलं ते माझ्यामुळे, हेही. उभ्यानेच.

साहेब बराच वेळ चष्मा पुसत बसले. "एवढी वर्षं तुम्ही फॉर्मात एक स्वल्पविराम चुकवला नाहीत. आणि हे? का केलंत?"

म्हटलं, "पोटात दुखत होतं, साहेब."

त्यांना आधी खरंच वाटलं की पोटात दुखत होतं.

लेखी ताकीद. फाईल टायवाल्याकडे, आणि त्याने सुनावणी नव्याने घ्यायची. पगारवाढ वर्षभर पुढे. मला वाटलं होतं, याहून वाईट होईल.

२७ एप्रिल, सोमवार

आदेश निघाला. टायवाल्याच्या सहीने. त्याने नव्याने सुनावणी घेतली, काकांना नव्याने विचारलं, सगळं रीतसर केलं — आणि शेवटी मसुदा माझाच जसाच्या तसा ठेवला! दहा आणि तेराचं वाक्य, थेट प्रयोगशाळेतून पत्राचं कलम, सगळं. आयत्या बिळावर नागोबा!

बैठकीत साहेबांनी ते वाक्य मोठ्याने वाचलं. "यापुढे सगळ्या कंपन्यांना हाच नमुना." टाळ्या. टायवाला उभा राहिला, टाय सारखा केला आणि म्हणाला, "वाक्य माझं नाही." माझ्याकडे बघितलं आणि बसला.

आता त्याचा रागही धड करता येत नाही. काय कटकट आहे!

३ मे, रविवार

फलक उतरला. पुन्हा गाद्या आल्या. आई बसथांब्यापर्यंत गेली आणि परत आली. मी म्हटलं, उद्या आपण दोघी जाऊ, बागेपर्यंत. "तुला वेळ असतो का अगं?" म्हणाली. टोमणा नव्हता, खरंच विचारलं. तेच जास्त लागलं. किती वर्षांत मी तिला कुठे नेलेलं नाही! टोचते, तपासते, जेवायला घालते. गालाला गाल लावून शेवटची कधी बसले होते?

धाकटी आली होती. ओरडेल, भांडेल असं वाटलं होतं. मीच म्हटलं, मी तुझी फाईल घेतली ती नियमासाठी नाही, जळफळाट झाला म्हणून. ती म्हणाली, "ठाऊक आहे. लहानपणी माझी बाहुली तू नियमानेच जप्त करायचीस."

हसलो दोघी. पण निघताना दारात घुटमळली. चप्पल घालून पुन्हा काढली. "ताई, ती पत्रं — सगळ्यांनाच जाणार? म्हणजे, एकूण एक ग्राहकाला?" म्हटलं, एकूण एक. नऊ हजार. "आणि आमच्या विभागाला ती आधी बघायलाही मिळणार नाहीत?" नाही म्हटलं.

काळजीत दिसली. नोकरीची असेल. कंपनीने तिला जाहिरातींतून काढून माहितीपत्रकांवर बसवलंय.

९ मे, शनिवार

आईबरोबर बागेपर्यंत. सलग सहावा दिवस. तिने वाटेत माझा हात धरला. मग म्हणाली, "बाळही चालत असेल ना गं आता? तिने चालायला हवं."

हात माझा, काळजी तिची! चालत राहिले.

१६ मे, शनिवार

पत्र आलं. प्रयोगशाळेच्या शिक्क्याचं, पाकिटावर माझं नाव. आत माझंच वाक्य, अकरा वेळा लिहिलेलं : "आपण ज्या गटात आहात, त्यातील शंभरांपैकी तेरा जणांना होतो."

तेरा. मला.

धाकटीला फोन केला. तिने आधी पत्र वाचून दाखवायला लावलं. मग म्हणाली, "दोन्ही कागदांवरच्या नावांची अदलाबदल मी केली, ताई. लाल तुझाच होता. अहवालाचा साचा माझ्याकडेच होता, दोन मिनिटांचं काम. तू रोज आईला टोचतेस. रोज टोचताना, आपलंही हेच होणार, एवढंच तुला दिसत राहिलं असतं. मी खूप घाबरले गं."

तीन माणसं गं वेडे, म्हटलं. तीनच माणसं.

सोमवारी जाऊन साधी रक्ततपासणी करून येईन, ती तर कधीच करायला हवी होती.

आईला सांगितलं, तर ती आजपासून धाकटीला सोडून माझ्यामागे लागेल. चार-चार फोन, गोड खाल्लंस का, चाललीस का, माझंच गेलं गं तुझ्यात. सहा आठवडे मला हेच तर हवं होतं! पत्र कपाटात साड्यांच्या खाली ठेवलंय.

नाही सांगणार. राहू दे आईची काळजी धाकटीकडे.